खोल समुद्रातल्या जीवांपासून खरंच औषधं बनतात का? एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर या संशोधनात जावं का?

बनतात. पण तुम्ही 'खोल' म्हणालात म्हणून आधीच सांगते, ज्यांची नावं सगळे घेतात ती औषधं बहुतेक उथळ पाण्यातली. रक्ताच्या कर्करोगावरचं सायटाराबिन (1969) कॅरिबियन समुद्रातल्या स्पंज या प्राण्यावरून सुचलं. 2004 चं, तीव्र वेदनांवरचं झिकोनोटाइड हे कोन जातीच्या शंखातल्या गोगलगायीच्या विषाची नक्कल. अगदी तळाच्या समुद्रातलं काम अजून बरंचसं नमुने गोळा करण्याच्या टप्प्यावर आहे.

आता माझं. 90 च्या दशकात बडोद्यात एका लॅबमध्ये मी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या ओख्याहून आणलेला नारिंगी स्पंज मिथेनॉलमध्ये भिजवत बसायचे. हाताचा वास लिंबू चोळूनही जायचा नाही. एकदा लॅबचा फ्रीज बिघडला म्हणून एक बाटली घरच्या फ्रीजमध्ये ठेवली, तर सासूबाईंनी श्रीखंडाचा चक्कासुद्धा फेकून दिला. अर्क आटवायचा, त्यातले पदार्थ वेगळे करायला सिलिका भरलेल्या नळीवर, म्हणजे कॉलमवर, चढवायचा, शंभरेक टेस्टट्यूब भरायच्या, प्रत्येकीचा ठिपका आयोडीनच्या डबीत बघायचा. दोन वर्षांनी हाती आली 11 मिलिग्रॅम पांढरी पूड. रेणूची रचना सांगणारी एनएमआर चाचणी बाहेरून करून आणली. निघालं काय, तर दर दुसऱ्या स्पंजात सापडणारं, केव्हाच छापून आलेलं स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या जातीचा पदार्थ!

आमच्या थोरल्या भाऊजींची रावपुऱ्यात औषधांची एजन्सी. ते भर पंगतीत म्हणाले, "दोन वर्षं घासून कोलेस्टेरॉलचा चुलतभाऊ काढलास. अगं, औषध कारखान्यात बनतं, दर्यामां नाही." सगळे हसले. मीही हसले, आणि ते अजून सलतं.

भाऊजी, हे तुमच्यासाठी. 1986 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी एका स्पंजातून कर्करोगाच्या पेशी मारणारं हॅलिकॉन्ड्रिन काढलं. पुढे न्यूझीलंडच्या समुद्रातून टनभर स्पंज उपसला, तेव्हा हाती आलं जेमतेम 300 मिलिग्रॅम. म्हणजे अडचण सापडण्याची नव्हती, पुरण्याची होती. 1992 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञ किशींनी तो अख्खा रेणू प्रयोगशाळेत घडवला. मग कळलं की कामाचा त्याचा अर्धाच भाग. तेच एरिब्युलिन, 2010 पासून स्तनाच्या कर्करोगावर. बनतं कारखान्यातच, कबूल. पण असला आराखडा कुठल्या कारखानदाराच्या डोक्यात आला असता?

तर जा. फक्त माझ्यासारखं करू नका. कॉलम लावायच्या आधी मास स्पेक्ट्रम (रेणूचं वजन सांगणारी चाचणी) काढून पदार्थ जुनाच आहे का ते तपासा, आता ते एका दिवसाचं काम आहे. नुसत्या केमिस्ट्रीवर राहू नका, जिवाणू वाढवायला शिका. स्पंजाच्या नावावर खपणारी पुष्कळ रसायनं त्याच्या अंगातले जिवाणूच बनवतात आणि त्यातले काही जिवाणू टाकीत वाढवता येतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काय चाललंय ते बघा. 2021 मध्ये मंजूर झालेल्या केंद्र सरकारच्या डीप ओशन मिशनमध्ये खोल समुद्रातल्या जीवांचा अभ्यासही आहे.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: हजारो अर्कांतून एखादाच पुढे सरकतो आणि तोही औषध होईपर्यंत पंधरा-वीस वर्षं सहज जातात. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर दहादा विचार करा. मी स्वतः ते सोडून एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. भाऊजींच्या एजन्सीत हल्ली एरिब्युलिनची इंजेक्शनं येतात. ते कुठून आलं, हे त्यांनी मला अजून विचारलेलं नाही.