‘चहा नको’ हे कोकणात कसं सांगायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्याच्या, लग्न ठरलंय, सासर गुहागरकडचं. मे महिन्यात तिकडे जाऊन दिवसाला सात-आठ घरी भेटी द्यायच्या आहेत. घरोघरी चहा होणार आणि तुम्हाला पित्ताचा त्रास. नको म्हटलं तर लोकांना राग येतो का? आणि जगात दुसरीकडे कुठे चहाला नाही म्हणायची काही रीत असते का?

मी दाभोळच्या खाडीकाठचा, म्हणजे तुमच्या सासरचा शेजारीच. त्यातून अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर भंडारी होतो. (भंडारी म्हणजे जहाजावरचा आचारी. तो हुद्दा आहे, जात नव्हे. जातीचं पुढे येईल.) बंदराला लागलो की भाजीपाला, मांस, पीठ घेऊन येणाऱ्या माणसांशी गाठ पडायची ती माझी, आणि त्या व्यवहारात चहा हा असायचाच. त्यामुळे ‘पुरे’ म्हणायच्या रीती मी पुस्तकातून नाही, फजिती होऊन शिकलो.

पहिली फजिती आर्जेंटिनात, रोसारिओ बंदरात. तिथे माते पितात. ते आपल्या चहाचं झाडच नव्हे, पण मान चहाचाच. भोपळ्याच्या एवढ्याशा तुंबडीत पाला भरायचा, वर गरम पाणी, आणि प्यायला धातूची नळी, जिच्या खालच्या टोकाला जाळी असते. ओतणारा एकच. तो भरून देतो, आपण संपवून त्याच्याच हातात परत द्यायची, मग तो पुढच्याला भरून देतो. तुंबडी एक, नळी एक, तोंडं सहा. माझी पाळी झाली, मी संपवलं आणि शिकवल्यासारखं ‘ग्रासियास’ म्हटलं. पुढच्या फेरीत तुंबडी मला टाळून गेली. त्याच्या पुढच्या फेरीतही. मी मनात म्हटलं, काय चुकलं बुवा आपलं? नंतर कळलं की तिथे माते परत देताना धन्यवाद म्हणणं म्हणजे ‘आता मला नको’. ज्याला आणखी हवंय तो गप्प बसतो. आपल्याकडेही चहा पिऊन कोणी धन्यवाद म्हणत नाही म्हणा. म्हटलंत तर आमची म्हातारी विचारेल, आता पावती फाडू काय?

तुर्कस्तानात उलटं झालं. काळ्या समुद्रावर साम्सून बंदरात एका दुकानदाराकडे हिशेब करत बसलो होतो. मधे कंबर असलेला छोटा काचेचा पेला, लाल चहा, दूध नाही. दोन मजली किटली असते त्यांची: खालच्या मजल्यावर उकळतं पाणी, वरच्यावर दाट अर्क. पाहुण्याला हवा तसा दाट किंवा फिका करून देतात. रंग जमला की त्याला ‘सशाचं रक्त’ म्हणतात, हे ऐकून मी पेला जरा लांब धरला होता. त्या किनाऱ्यावर पूर्वेला रिझे नावाचा मुलूख आहे. पाऊस आपल्यासारखाच कोसळतो आणि डोंगरउतारांवर चहाचे मळे आहेत. तर मी पेला रिकामा केला की पोरगा भरलेला आणून ठेवी. सात झाले. मला वाटे, ठेवलेला टाकू कसा? त्याला वाटे, याला हवाय. शेवटी दुकानदारालाच दया आली आणि त्याने चमचा उचलून माझ्या पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवला. झालं. पोरगा परत फिरकला नाही.

यात मी एकटा नाही. १७८२ साली द ब्रॉग्ली नावाचा एक फ्रेंच उमराव अमेरिकेत फिलाडेल्फियाला एका घरी चहाला गेला होता. बाराव्या कपाला फ्रान्सच्या राजदूताने त्याला हळूच सांगितलं की बाबा, पुरे झालं असेल तर चमचा कपावर आडवा ठेव. त्याने स्वतःच हे लिहून ठेवलंय. बारा कप! माझे सात काहीच नाहीत.

रशियात जुन्या लोकांची रीत म्हणजे कप बशीवर पालथा घालायचा. साखरेचा खडा दाताखाली धरून चहा प्यायचा, खड्याचा उरलेला तुकडा पालथ्या कपाच्या बुडावर ठेवायचा. सामोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं त्यांचं मोठं भांडं, कितीही वेळ कढत राहिला तरी पालथ्या कपात कोण ओतणार? तिथेही चहा बशीत ओतून प्यायची चाल होती, आणि अठराव्या शतकात इंग्रजसुद्धा बशीतून पीत. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमचे होणारे सासरे बशीत ओतून फुरके मारत प्यायले तर तुम्ही पुण्याचं तोंड करू नये.

लडाखात आणखी वेगळं. माझा पुतण्या लष्करात लेहला होता, त्याने सांगितलेलं. लोणी-मिठाचा चहा लाकडी नळकांड्यात घुसळतात. त्या आवाजावरूनच त्याला ‘गुरगुर चाय’ म्हणतात. एक घोट घेतला की यजमान कप परत काठोकाठ भरतो. रिकामा कप दिसणं हीच त्याची नामुष्की. म्हणून नको असेल तर भरलेला कप तसाच समोर ठेवायचा आणि निघताना प्यायचा. यात ‘नाही’ हा शब्दच लागत नाही. मला ही तऱ्हा सगळ्यात आवडली.

चीनमध्ये, विशेषतः कँटनच्या बाजूला, कोणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक करायची, आभार पोचले. पण तिथली खरी गंमत यजमानाच्या बाजूने आहे. चिंग राजवटीतल्या अधिकाऱ्यांकडे पाहुणा बसला की त्याच्यापुढे चहा यायचा, तो लगेच प्यायचा नसे. बोलणं पुरे झालं की अधिकारी स्वतःचा कप उचले, आणि हे पाहताच नोकर दाराशी ‘पाहुणे निघाले’ असं ओरडत. जपानातल्या चहाच्या विधीत उलट पाहुण्यालाच तोंड उघडावं लागतं. मुख्य पाहुणा ‘आता आवरतं घ्यावं’ असं अदबीने सांगतो, तेव्हा यजमान भांडी धुवायला घेतो. त्या विधीचा मोठा आचार्य सेन नो रिक्यू, १५९१ साली वारला, त्याच्या पद्धतीच्या खोलीचं दार इतकं बुटकं असतं की रांगत आत जावं लागतं. सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवून.

आणि तुम्हाला लागू पडेल असं एक. जहाजावर अझरबैजानचा एक इंजिनियर होता. त्यांच्याकडे मुलीला मागणी घालायला मंडळी आली की शेवटी चहा येतो. चहाबरोबर साखर आली तर होकार, नुसताच चहा आला तर नकार. आपल्याकडे कांदेपोह्यांना जी मुलगी ट्रे घेऊन येते तिच्या हातात असं काही ठेवलं असतं तर किती घरं वाचली असती, असं मी तेव्हा म्हटलं होतं. त्याला ते समजावून सांगताना मात्र माझी इंग्रजी संपली.

आता तुमचा पहिला प्रश्न. राग येतो का? येतो. पण का येतो, ते सांगण्यासाठी मला मोरोक्कोला जावं लागेल.

जोर्फ लास्फर नावाचं बंदर आहे, आपल्याकडच्या खतांसाठी फॉस्फेटचा माल तिथून येतो. तिथला सामान पुरवणारा मला एकदा घरी घेऊन गेला. चिनी हिरवा चहा, पुदिन्याच्या काड्या, आणि साखर म्हणजे शंकूच्या आकाराची ढेप, ती फोडून घालायची. तीन पेले घ्यायचे, मधेच उठणं बरं दिसत नाही. त्याने किटली उचलली, हात पार खांद्याच्या वर नेला आणि तिथून बारीक धार धरली. पेल्यात फेस आला. जितकं उंचावरून तितका पाहुण्याचा मान. बाकीचे कौतुकाने बघत होते. माझ्या मात्र पोटात कळ आली.

मी बौद्धवाडीतला. लहानपणी वडिलांबरोबर आंब्याच्या कामाला खोताच्या घरी जायचो. चहा मिळे, नाही असं नाही. पण मागल्या दारी. वळचणीला खोचलेली करवंटी वडील काढत, स्वतः विसळत, आणि ओंजळीत धरून वाकून उभे राहत. वरून चहा ओतला जाई. उंचावरूनच. धार करवंटीत पडावी आणि भांडं भांड्याला लागू नये म्हणून. पिऊन झालं की करवंटी परत विसळून वळचणीला. महाडला चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी १९२७ सालच्या २० मार्चला ओंजळीत घेतलं. आमच्या गावात चहाच्या कपापर्यंत यायला त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं गेली.

आता उलट बाजू बघा. आमच्या घरी कोणी वरच्या आळीतला कामाने आला, तर आई म्हणायची, ‘वाईच च्या घ्या.’ तो उभ्याउभ्याच म्हणायचा, ‘नको, आत्ताच झाला.’ कधी पित्त, कधी उपास, कधी घाई. आई परत आग्रह करत नसे. कारण तिला ठाऊक होतं आणि त्यालाही.

हे फक्त खेड्यातलं नव्हतं. तुमच्याच पुण्यात १८९० साली गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, पंचहौद मिशनमध्ये बडी मंडळी व्याख्यानाला जमवली आणि नंतर चहा-बिस्किटं पुढे केली. आमच्या रत्नागिरीचे टिळक होते, रानडे होते. मग उपस्थितांची नावं छापून आली, गहजब झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाने एवढं होत असे.

तर कोकणात ‘चहा नको’ याचा कान असा तयार झालेला आहे. तुम्ही पित्तामुळे म्हणता, ऐकणारा दुसरंच ऐकतो. आमच्याच वाडीत नव्हे, कुणबीवाडीत, मोहल्ल्यात, सगळीकडे. आता कोणी तसं पाळत नाही, हॉटेलात तर नाहीच. माझ्या हातचं तर जहाजावर बावीस जण तीन वेळ खायचे, त्यात वरच्या आळीतला एक मुलगाही होता, आणि माझ्या चहावाचून त्याचं पान हलत नसे. पण कान जुनाच आहे.

म्हणून काय करायचं ते सांगतो. आधी बसा. उंबऱ्याबाहेर उभं राहून दिलेला नकार सगळ्यात जास्त लागतो. ओटीवर टेकलात, तांब्यातलं पाणी घेतलंत की निम्मं काम झालं. चहा घरोघर व्हायच्या आधी पाहुण्याला गूळ-पाणीच देत, आणि जुन्या बायकांना अजून त्याचं मोल आहे. ‘चहा सोसत नाही, गुळाचा खडा द्या’ म्हणालात तर म्हातारी खूश होऊन अख्ख्या वाडीला सांगेल.

दुसरं, जे सांगायचं ते आधण ठेवायच्या आत सांगा. आतून स्टोव्हचा नाहीतर भांड्याचा आवाज आला की वेळ गेली. मग ‘अर्धाच’ म्हणा. अर्धा म्हटल्यावर पाऊण येतो, तो बशीत ओतून नवऱ्याला द्या. कोणी हसलं तर हसू दे, नवीन नवरीचं कौतुकच होतं.

तिसरं, नुसतं नको म्हणू नका, बदली काहीतरी मागा. तुम्ही मेमध्ये येताय, रातांबे तेव्हाच पिकतात. कोकम सरबत मागा. ताक मागा. गवती चहाची पात घातलेला कोरा चहा मागा, दूध नसलं की तो तुम्हाला कदाचित सोसेलही. मागणारा पाहुणा आमच्याकडे कोणाला जड होत नाही.

आणि सात घरांत सगळीकडे नको म्हणणार असाल, तर यादीतलं एक घर आधीच ठरवून ठेवा जिथे काही झालं तरी घ्यायचा. ते कोणतं, हे होणाऱ्या सासूबाईंना विचारू नका. त्या देशमुखांचं किंवा सरपंचांचं नाव सांगतील. नवऱ्याला विचारा की लहानपणी तुमच्या घरी कामाला कोण यायचं.

आमच्या घरीही आलात तर या. आमची ही पात घालून कोरा करते, थोडं आलं, गूळ बेताचा. पुरे झालं की कप पालथा घालायची खूण मी घरात सगळ्यांना शिकवून ठेवली आहे, कोणी आग्रह करणार नाही. फक्त वर साखरेचा खडा ठेवू नका. मुंग्या येतात.