टोमॅटोचं रोप हिरवंच्या हिरवं मान टाकतं तेव्हा

पानं पिवळी न पडता धडधाकट रोप दोन-तीन दिवसांत मान टाकत असेल, तर आणखी पाणी ओतू नका. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत जिवाणूजन्य मर रोग फार. खात्री करून घ्या: मातीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगा. काही मिनिटांत कापल्या तोंडातून दुधट धागा खाली उतरू लागला, की निदान पक्कं. यावर फवारणीचा उपाय नाही, उगाच पैसे घालवू नका. रोप मुळांसकट, भोवतालच्या मातीसह उपटून लांब टाका. सुरी उकळत्या पाण्यात बुडवून घ्या. त्या जागी वांगी, मिरचीही नकोत.

पुढचं रोप पाऊस सरल्यावर, १५ लिटरच्या भोकं पाडलेल्या पिशवीत, दुसरीकडच्या मातीत लावा. ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण मर रोगापुढे चांगला टिकतो.

फळाच्या बुडाला पडणारा काळा, खोलगट डाग मात्र रोगाचा नव्हे. माती कधी कोरडी ठाक, कधी चिखल झाली, की कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. रोज सकाळी बेताचं पाणी द्या आणि खोडापासून चार बोटं सोडून सुक्या पानांचं आच्छादन घाला. डागी फळं सुधारत नाहीत, ती खुडूनच टाका.