अलॉटमेंट म्हणजे परसबाग नव्हे, आणि रॉड म्हणजे काठी

प्रश्न असा आला आहे: इंग्लंडमधल्या नातेवाइकांना कौन्सिलकडून ‘टेन रॉड अलॉटमेंट’ मिळाली. अलॉटमेंटला मराठीत काय म्हणावं, आणि रॉड म्हणजे किती फूट?

आधी ते ‘परसबाग’ थांबवा. परस म्हणजे घराची मागची बाजू. अलॉटमेंट घराला लागून नसतेच. ती कुठेतरी रेल्वेरुळांच्या कडेला असते आणि खुरपं, झारी घेऊन तिथवर चालत जावं लागतं. ‘तिकडे प्लॉट घेतला’ हे तर त्याहून वाईट, कारण गावाकडे लगेच ‘एनए आहे का?’ अशी चौकशी सुरू होते. घेतलेलं काहीच नसतं. वर्षाच्या भाड्यानं भाजी पिकवायला मिळालेली ती जमीन. 1922 च्या कायद्यात व्याख्याच तशी आहे: मुख्यतः स्वतःच्या नि घरच्यांच्या खाण्यासाठी भाजी-फळं, आणि क्षेत्र 40 पोलांच्या (पोल म्हणजे रॉडच) आत. 1950 च्या कायद्यानं तिथं कोंबड्या आणि ससे पाळायची मुभा दिली, पण धंदा करायचा नाही आणि कोंबडाही ठेवायचा नाही!

अलॉटमेंटच्या पोटात ‘लॉट’ आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्लोट’ म्हणजे वाटा ठरवण्यासाठी टाकायचा लाकडाचा तुकडा, आपली चिठ्ठी. लॉटरी त्याच कुळातली. म्हणजे म्हाडाची ‘लॉटरी’ आणि तिच्यामागून येणारं ‘अलॉटमेंट लेटर’ ही सख्खी भावंडं. इंग्लंडात गावोगावची गायरानं कुंपणं घालून वाटली गेली, तेव्हा प्रत्येकाच्या हिश्शाला अलॉटमेंट म्हणत. 1845 च्या कायद्यात गरीब मजुरांसाठी पाव एकरापर्यंतचे भाजीचे तुकडे राखायची तरतूद आली आणि पुढे नाव त्या तुकड्यांनाच चिकटलं.

आता रॉड. इथंच सगळे फसतात. रॉड हे लांबीचं माप आहे, साडेपाच यार्ड म्हणजे साडेसोळा फूट. पण जमिनीच्या कागदात ‘10 रॉड’ लिहिलं की ते चौरस रॉड असतात, ‘चौरस’ शब्द गाळलेला असतो. त्याला लांबी समजून 165 फुटांचा पट्टा डोळ्यांपुढे आणू नका. 10 रॉड म्हणजे सुमारे 253 चौरस मीटर. एकरात 160 रॉड आणि 40 गुंठे, म्हणून रॉडला चारानं भागा, गुंठे मिळतात. अंदाजे नव्हे, तंतोतंत. आपला गुंठा 33 बाय 33 फूट, आणि 33 फूट म्हणजे बरोब्बर दोन रॉड. तुमच्या नातेवाइकांना अडीच गुंठे मिळाले.

हे जुळलं कसं? मुंबई इलाख्याची मोजणी इंग्रजी एकर धरून झाली म्हणून. पण लगेच ‘गुंठा हा शब्द गंटर साहेबावरून आला’ असं सांगणारे पुढे सरसावतात. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाची 1620 मधली जमीन मोजायची साखळी 66 फुटांची. तिचा चौरस चार गुंठे भरतो, एक नव्हे. शिवाय कन्नडात गुंटे आहे, तेलुगूत गुंट आहे, ओडिशात तर 25 गुंठ्यांचं ‘माण’ हे माप आहे. त्या सगळ्यांना काय गंटरनं वेगवेगळं शिकवलं? नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती बेतायची असेल, तर पुण्याचं नावही ‘पूनम’वरून काढा.

मला खरा आनंद वेगळ्याच गोष्टीचा आहे. रॉडलाच इंग्रजीत पोल म्हणतात आणि पर्चही म्हणतात. माप एकच, नावं तीन. पोल हा लॅटिन ‘पालुस’, म्हणजे खुंट. पर्च हा लॅटिन ‘पेर्तिका’, म्हणजे लांब दांडा, आणि पक्षी बसतो तो पर्चही हाच. तिन्हींचा अर्थ काठी! आणि आपल्याकडे जमीन कशानं मोजत? काठीनंच. पाच हात पाच मुठींची एक काठी, 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा. आपली काठी त्यांच्याहून बरीच आखूड, पण नाव ठेवायची रीत तीच. शेतावर हातात जे असतं तेच माप होतं, असं माझं ठाम मत आहे. त्यांचा रॉड हा बैल हाकायचा दांडा होता असं म्हणतात. पुरावा तुटपुंजा आहे, पण मी त्याच बाजूचा. 16व्या शतकातल्या एका जर्मन भूमापनग्रंथात दुसरीच कृती आहे: रविवारी चर्चमधून बाहेर पडणारे 16 पुरुष थांबवा, उंच-बुटके जसे येतील तसे, आणि त्यांची डावी पावलं एकापुढे एक लावा, झाला रॉड. पाच हात पाच मुठी सांगणाऱ्यांना यात काही वावगं दिसायचं कारण नाही.

मराठी शब्द राहिलाच. ‘वाट्याचा मळा’ म्हणा. लांब वाटत असेल तर अलॉटमेंटच म्हणा, पण परसबाग नको.

आणि नातेवाइकांना एवढं कळवा. जमीन ताब्यात आली की उत्साहात रोटाव्हेटर फिरवू नये. हरणखुरीच्या जातीचं बाइंडवीड हे तण तिथं हमखास असतं आणि त्याच्या मुळाचा तुकडा न् तुकडा उगवतो, म्हणून दातेरी फावड्यानं उकरून मुळं वेचावीत. मेथी एप्रिलअखेरपासून अर्धा इंच खोल पेरली तर पाचेक आठवड्यांत जुडी होते. कोथिंबीर कुंडीत रुजवून मळ्यात हलवू नये. मूळ दुखावलं की ती फुलावर येते, आणि जूनमधल्या 16 तासांच्या दिवसात तर आणखी लवकर. धणे रगडून जागेवरच पेरावेत, दर तीन आठवड्यांनी एक ओळ.