बाळाची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली, म्हणजे त्याला एचआयव्ही झालाच का?

नऊ महिन्यांच्या बाळाला कडेवर घेऊन आलेल्या त्या आईने बसण्याआधीच हातातला अहवाल माझ्यापुढे ठेवला. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात एचआयव्हीचे निदान झाल्यापासून तिने एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला रोखणाऱ्या औषधांची, एकही गोळी चुकवली नव्हती, प्रसूतीपूर्वीच तिच्या रक्तातील विषाणू तपासणीत आढळेनासे झाले होते, बाळाला सहा आठवडे नेव्हिरॅपिन हे लागण टाळणारे औषध दिले होते आणि सहाव्या आठवड्यातील पीसीआर (थेट विषाणू शोधणारी तपासणी) निगेटिव्ह होती. तरीही नातेवाइकांच्या आग्रहाखातर परस्पर केलेल्या साध्या रक्ततपासणीत बाळ ‘पॉझिटिव्ह’ निघाले होते. “ताई, मग एवढ्या गोळ्या खाऊन काय मिळवलं?” असे ती म्हणाली.

ही साधी तपासणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे शोधते. आणि आईची प्रतिपिंडे गर्भावस्थेत वारेतून बाळाकडे जातात व जन्मानंतर 18 महिन्यांपर्यंत त्याच्या रक्तात टिकू शकतात. म्हणजे त्या कागदावर बाळाचा नव्हे, आईचाच इतिहास उमटलेला असू शकतो. मात्र बाळ अंगावर पीत होते आणि दुधातूनही लागण होऊ शकते, त्यामुळे केवळ धीर देऊन भागणार नव्हते. नवव्या महिन्याची पीसीआर तशीही करायचीच होती. त्यासाठी बाळाचा नमुना त्याच दिवशी घेतला.

बोलण्याच्या ओघात कळले की, अहवाल हाती आल्यापासून तीन दिवस तिने स्वतःच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि दूध पाजणे मात्र सुरू होते. खरे सांगायचे तर, मला त्या अहवालापेक्षा याचीच धास्ती वाटली. उपचार नसतील, तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. नियमित उपचारांनी ती 5 टक्क्यांच्या खाली येते, परंतु हे संरक्षण आईच्या रोजच्या गोळीवरच उभे असते. तिने पहिली गोळी माझ्यासमोरच घेतली आणि डॉक्टरांनी तिच्या विषाणूभाराची (रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाची) तपासणीही लगेच करून घेतली.

“आणि पीसीआर पॉझिटिव्ह आली तर?” या प्रश्नाला बगल देणे मला योग्य वाटले नाही. तसे झाल्यास दुसरा नमुना घेऊन खात्री केली जाते, पण त्या निकालासाठी न थांबता बाळाचे उपचार सुरू होतात, कारण उपचारांविना लागण झालेल्या बालकांपैकी सुमारे निम्मी दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात.

पीसीआर निगेटिव्ह आली. आईचा विषाणूभारही वाढलेला नव्हता. गोळ्यांत पडलेल्या त्या खंडामुळे काही आठवड्यांनी बाळाची पीसीआर पुन्हा केली, तीही निगेटिव्ह होती. अंतिम निदान 18 महिने पूर्ण झाल्यावर, किंवा अंगावरचे दूध सुटून तीन महिने झाल्यावर, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा होणार आहे.