बेटे किती आणि रात्री किती? ग्रीसच्या सहलीबद्दल वाचकांचे प्रश्न

सोलापूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांतले ग्रीसच्या बेटांबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. रुपयाचा भाव हलता असल्याने रकमा युरोतच दिल्या आहेत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही दोघे आणि 11 व 8 वर्षांची मुले असे नऊ रात्रींसाठी जाणार आहोत. एजंटने अथेन्स 2, मिकोनोस 2, सँटोरिनी 2, क्रीट 2 आणि शेवटी अथेन्स 1 असा कार्यक्रम दिलाय. एवढ्या पैशांत तीन बेटे होत असतील तर वाईट काय? (विजापूर रोड)

दोन रात्री म्हणजे दोन दिवस नव्हेत, हे आधी लक्षात घ्या. हॉटेल सकाळी अकराच्या सुमारास सोडावे लागते आणि पुढची रूम दुपारी दोन-तीनच्या आत सहसा मिळत नाही. त्यात बंदरावर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचणे, बोटीची वाट पाहणे, उतरल्यावर पुन्हा बस शोधणे. बोटीचा प्रवास दोनच तासांचा असला तरी त्या दिवसाचे दुसरे काही होत नाही. या कार्यक्रमात असे चार दिवस आहेत, आणि मुलांच्या वाट्याला समुद्रापेक्षा बॅगाच जास्त येतील.

क्रीट तर यातून काढूनच टाका. ते बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर, म्हणजे साधारण सोलापूर ते पुणे एवढे लांब आहे. दोन रात्रींत हेराक्लिओन शहर आणि क्नोसोसचा राजवाडा एवढेच पदरात पडेल. क्रीट करायचे तर पुढे कधीतरी एकट्या क्रीटसाठी आठ दिवस काढा. मिकोनोस महाग आहे, आणि तिथल्या रात्रीच्या क्लबांचा आठ वर्षांच्या मुलाला काय उपयोग?

आमची शिफारस : अथेन्स 2, नॅक्सोस 4, सँटोरिनी 2, अथेन्स 1. नॅक्सोसला आगिओस प्रोकोपिओस, आगिया आना आणि प्लाका हे वाळूचे किनारे ओळीने आहेत, पाणी बरेच आतपर्यंत उथळ आहे, आणि बस बंदरापासूनच सुटते. मेमध्ये पाणी 19-20 अंशांच्या आसपास असते. सोलापूरच्या उन्हातून गेलेल्या मुलांना ते गारठवणारे वाटेल, तेव्हा पोहणे दुपारी ठेवा.

अथेन्सहून बहुतेक बोटी पिरेअस बंदरातून निघतात. विमानतळावरून मेट्रोची 3 क्रमांकाची लाइन थेट पिरेअसला जाते, तासभर लागतो. काही बोटी मात्र राफिना किंवा लाव्रिओ या वेगळ्याच बंदरांतून सुटतात, म्हणून तिकिटावरचे बंदराचे नाव नीट वाचा. पिरेअसही लांबलचक आहे. गेटना ई 1, ई 2 असे क्रमांक आहेत आणि दोन टोकांच्या गेटमध्ये बॅगा ओढत चालण्याजोगे अंतर नाही.

बोटी दोन प्रकारच्या. मोठी, संथ बोट नॅक्सोसला सुमारे साडेपाच तासांत पोहोचते. तिला उघडा डेक असतो, ती कमी डुलते आणि तिकीट स्वस्त असते. वेगवान बोट साडेतीन-चार तास घेते, पण ती बंदिस्त असते आणि वाऱ्यात आपटते. घाटात ज्याला गाडी लागते त्याने मोठीच बोट घ्यावी. मोठ्या बॅगा खाली गॅरेजमध्ये बेटांच्या नावांच्या मांडण्यांवर ठेवायच्या असतात. तुमच्या बेटाची घोषणा झाली की लगेच खाली उतरा. बोट धक्क्याला काही मिनिटेच थांबते, आणि त्यानंतर जागचे उठलेले लोक पुढच्या बेटावर जातात.

नॅक्सोस ते सँटोरिनी बोटीने दीड-दोन तास. सँटोरिनीहून परतताना अथेन्सचे विमान घ्या, उड्डाण पाऊण-एक तासाचे आहे. शेवटची रात्र अथेन्समध्येच हवी. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापाने 6-7 ला छोट्या वेगवान बोटी अडू लागतात आणि 8 च्या पुढे मोठ्याही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून येणारा मेल्तेमी वारा हे वारंवार करतो. मेमध्ये त्याचा त्रास कमी, पण 1 मे या कामगार दिनी बहुतेक वर्षी खलाशांचा संप असतो. त्या तारखेला बोट ठेवू नका. बोट रद्द झाली तर कंपनी पैसे परत देते किंवा पुढची बोट देते. मुंबईचे विमान चुकले तर ते कोणी भरून देत नाही.

प्रश्न : आमचा यंत्रमागाचा धंदा आहे. पगाराची स्लिप नाही. व्हिसा मिळेल का, आणि कधी अर्ज करावा? (अशोक चौक)

मिळतो. फक्त कागद धंद्याचे हवेत : जीएसटी आणि उद्यम नोंदणी, तीन वर्षांचे आयकर विवरण, चालू खाते आणि वैयक्तिक बचत खाते या दोन्हींचे बँकेच्या शिक्क्याचे उतारे. धंद्यातला पैसा आणि सहलीचा पैसा वेगळा दिसला पाहिजे. नकार अनेकदा येतो तो अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम टाकलेल्या चार-पाच लाखांमुळे. तो पैसा उसना आहे, असाच अर्थ काढला जातो. सहलीची रक्कम तीन-चार महिने आधीपासून खात्यात मुरू द्या.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. मे-जूनच्या सुट्टीसाठी सगळ्यांचीच झुंबड असते, म्हणून फेब्रुवारीतच तारीख घ्या. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45 युरो, त्याखाली शून्य. अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवासविमा किमान 30,000 युरोचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्राला (एकाच व्हिशावर फिरता येणारे युरोपीय देश) लागू असणारा हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला.

बोटांच्या ठशांसाठी स्वतः जावे लागते. 12 वर्षांखालच्या मुलांना ठसे नाहीत. मुंबईच्या केंद्रात सकाळची वेळ मिळाली तर रात्रीची सिद्धेश्वर सोयीची, पण वेळ नऊच्या आधीची घेऊ नका, गाडीला उशीर होऊ शकतो. हॉटेल, विमान आणि विमा या तिन्ही कागदांवरच्या तारखा जुळतात का, ते घरीच तपासा. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारीच बुकिंग घ्या.

प्रश्न : आईचे वय 68, गुडघे दुखतात. तिला सँटोरिनीचा तो निळ्या घुमटांचा, पांढऱ्या घरांचा फोटो आवडतो. तिथेच रूम घ्यावी का? (जुळे सोलापूर)

फोटोतले गाव इया. ते ज्वालामुखीच्या कड्यावर वसले आहे. सुमारे 3,600 वर्षांपूर्वीच्या स्फोटाने बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत आला. त्या खड्ड्याच्या काठावरची हॉटेले कड्यातच पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जातात. रूम म्हणजे गुहा, लिफ्ट क्वचितच, आणि नाश्त्याला जायलाही चाळीस-पन्नास पायऱ्या. बेटाचे मुख्य गाव ‘फिरा’ आणि जवळचे इमेरोव्हिग्ली इथेही तेच.

मुक्काम कामारी किंवा पेरिसाला करा. बेटाची ती बाजू सपाट आहे, समुद्र चालत पाच मिनिटांवर, भाडेही बरेच कमी. इयाला दुपारी चारच्या सुमारास टॅक्सीने जा, वरच्या सपाट रस्त्यावरून दृश्य दिसते, आणि सूर्यास्ताची गर्दी फुटायच्या आत निघा. फिराहून जुन्या बंदरावर उतरणाऱ्या सुमारे 600 पायऱ्या आईंना दाखवूच नका. तिथे केबल कार आहे. हॉटेलला बुकिंगआधी सरळ लिहून विचारा : रस्त्यापासून रूमच्या दारापर्यंत पायऱ्या किती? उत्तर आकड्यात मागा. ‘थोड्याच’ असे उत्तर आले तर ते हॉटेल सोडा.

गुडघ्यांची औषधे चिठ्ठीसह न्या. कोडीन (अफूवर्गातले वेदनाशामक) असलेल्या गोळ्या आणि खोकल्याची औषधे ग्रीसमध्ये नियंत्रित आहेत, ती डॉक्टरांच्या कागदाशिवाय बॅगेत नकोत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडेही चालत नाही. उपाशी राहू का? (भवानी पेठ)

ग्रीक ऑर्थोडॉक्स लोक वर्षातले बरेच दिवस उपास पाळतात, त्यामुळे मांस, दूध आणि अंडी नसलेले पदार्थ तिथे जुनेच आहेत. ‘निस्तीसिमो’ म्हणून विचारा. मात्र त्या उपासाला कोळंबी-कालवे चालतात, म्हणून सोबत ‘खोर्तोफागोस’, म्हणजे शाकाहारी, हेही सांगा. सँटोरिनीचा फावा (पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा), मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे यिगांतेस, वांगी-बटाट्याचे ब्रिआम, चण्याचे रेविथिया हे निर्धास्त खा. भरलेले टोमॅटो आणि द्राक्षाच्या पानांचे दोल्मादेस दोन्ही तऱ्हेचे असतात, खिमा घातलेले आणि नुसत्या भाताचे. विचारल्याशिवाय घेऊ नका. आव्गोलेमोनो नावाचा पिवळा रस्सा अंड्याचा असतो. फेटा चीज बनवताना पारंपरिक पद्धतीत कोकराच्या किंवा करडाच्या जठरातले रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सॅलड ‘खोरीस फेटा’, फेट्याशिवाय, असे मागवावे.

घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायला हरकत नाही, दोन्ही आठवडाभर टिकतात आणि बोटीत कामाला येतात. तूप, पेढे, खवा, दही मात्र नाही : युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. फळे आणि कच्ची भाजीही नकोत. स्वयंपाकाची सोय हवी असेल तर हॉटेलऐवजी ‘स्टुडिओ’ घ्या, त्यात शेगडी आणि भांडी असतात. टेबलावर न मागता आलेल्या पावाचे पैसे लागतात, हेही माहीत असू द्या.

प्रश्न : तिथे स्कूटर भाड्याने घेता येते का? (सात रस्ता)

येते, पण आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन जा. आरटीओत नमुना 4-ए भरून, 1,000 रुपये शुल्क, मुदत एक वर्ष. तुमच्या मूळ परवान्यावर फक्त कारचीच नोंद असेल तर दुचाकी चालवू नका. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने आहे, आणि चूक होते ती चौकात नव्हे तर रिकाम्या रस्त्यावर पेट्रोल भरून परत वळताना. कार घेतलीत तर काच, टायर आणि गाडीचा खालचा भाग विम्यात येतो का ते विचारा. बहुधा येत नाही.

प्रश्न : बुकिंग करताना न दिसणारे खर्च कोणते? (होटगी रोड)

एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये हॉटेलात दर खोलीला दर रात्री सरकारी हवामान कर द्यावा लागतो : एक-दोन तारांकित 2 युरो, तीन 5, चार 10, पंचतारांकित 15, खासगी अपार्टमेंटला साधारण 8. तो बुकिंगच्या रकमेत बहुधा नसतो, काउंटरवर घेतात. अथेन्समधल्या अक्रोपोलिस या प्राचीन टेकडीचे तिकीट 30 युरो आणि वेळेचे आहे, आधी काढा. किनाऱ्यावर छत्री-खुर्चीचे वेगळे पैसे. सोलापुरी टॉवेल अंथरून बसलात तर कोणी काही म्हणत नाही. कार्डयंत्राने रुपयांत की युरोत असे विचारले तर युरो निवडा, रुपयांचा दर नेहमी महागात पडतो. सँटोरिनीच्या नळाचे पाणी पिण्याजोगे नसते, तेव्हा बाटल्यांचाही खर्च धरा.

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर? (शेळगी)

2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे. तोवर लहान बेटांवरची बरीचशी हॉटेले बंद होतात आणि बोटी विरळ होतात. अथेन्स आणि क्रीट जमेल. समुद्र हवा असेल तर सप्टेंबर उत्तम, पाणी 24 अंशांच्या आसपास असते.

प्रश्न : रोड्स बेटावरून एका दिवसात तुर्कस्तान पाहून येता येते म्हणे. (सम्राट चौक)

बोट आहे, रोड्सहून मार्मारिसला. पण तुमच्या व्हिशावर प्रवेशसंख्या 1 लिहिली असेल तर संध्याकाळी रोड्सला परत घेणार नाहीत, कारण ग्रीस सोडताच तो व्हिसा संपतो. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागेलच. ही सहल करायची असेल तर अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा, आणि व्हिसा हातात आल्यावर तो रकाना वाचूनच बोटीचे तिकीट काढा.