पंचवीस लाखांचे चित्र आणि मंदीतले गिऱ्हाईक

ठाण्यातील एका वाचकांचा प्रश्न असा आहे : वय ५२, खासगी कंपनीत अभियंता. सातारा जिल्ह्यातील वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीतून वाट्याला ३८ लाख रुपये आले आहेत. मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांनी सुमारे ३० लाख लागतील. शेअर बाजार घसरला तरी चित्रांच्या किमती टिकतात, असे सांगून एका कला-सल्लागाराने नावारूपाला येत असलेल्या एका चित्रकाराचे २५ लाखांचे चित्र सुचवले आहे. पत्नीलाही ते आवडले आहे. घ्यावे का?

माझ्या मते या किमतीला घेऊ नये. चित्र कसे आहे हे मला ठाऊक नाही आणि या निर्णयापुरता त्याचा फारसा संबंधही नाही. आपल्या पैशाला तीन वर्षांनंतरची तारीख लागलेली आहे, आणि त्या तारखेला चित्र घेणारा कोणी समोर उभा असेल याची हमी कोणालाही देता येणार नाही.

आपल्या सल्लागारांचे म्हणणे दिसायला खरे दिसते, कारण गॅलरीतील किमती सहसा खाली येतच नाहीत. गॅलरीने किंमत जाहीरपणे उतरवली तर चित्रकाराचे नाव जाते आणि आधी घेतलेले ग्राहक दुखावतात. म्हणून मंदीत दरपत्रक तेच राहते, ओळखीच्या ग्राहकाला कोपऱ्यात नेऊन सवलत दिली जाते, आणि बाकीची चित्रे गोदामात राहतात. लिलावातही राखीव किमतीपर्यंत, म्हणजे विक्रेत्याने ठरवलेल्या किमान भावापर्यंत, बोली न पोहोचलेले चित्र परत जाते आणि सरासरीत धरले जात नाही. शेअरचा भाव दर मिनिटाला कळतो, चित्राचा भाव विकले गेल्यावरच कळतो. ज्याला विकता आले नाही त्याचे नुकसान कोणत्याही आलेखात दिसत नाही.

शिवाय परिणाम उशिरा दिसतो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा शेअर बाजार एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला, आणि तीनच आठवड्यांनी तिथेच व्हॅन गॉगचे ‘आयरिसेस’ ५ कोटी ३९ लाख डॉलरला विकले गेले. आपल्या सल्लागारांचा युक्तिवाद त्या आठवड्यात बिनतोड ठरला असता. पुढे उघड झाले की खरेदीदार, ऑस्ट्रेलियन उद्योगपती ॲलन बाँड यांना जवळपास निम्मी रक्कम सदबीज या लिलावगृहानेच कर्जाऊ दिली होती; ती त्यांना फेडता आली नाही आणि १९९० मध्ये चित्र गेटी संग्रहालयाकडे गेले. त्याच सुमारास जपानी खरेदीदारांचा पैसा आटला आणि जगभरचा कलाबाजार खाली आला.

भारतातला अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. सप्टेंबर २००५ मध्ये चित्रकार तय्यब मेहतांचे ‘महिषासुर’ न्यूयॉर्कमध्ये सुमारे १५ लाख ८० हजार डॉलरला गेले, आणि त्यानंतर चित्र भिंतीला लावण्याचा विचारही नसलेली मंडळी या बाजारात उतरली. २००८ च्या अखेरीस, जागतिक मंदी आली तेव्हा, त्यांना एकदमच पैसा मोकळा करायचा होता, आणि समोर घेणारे मात्र उरले नव्हते. ओसियान्स या लिलावगृहाच्या कलाफंडाची, म्हणजे लोकांचे पैसे गोळा करून चित्रांत गुंतवणाऱ्या योजनेची, गोष्ट इथे सांगायलाच हवी. २००६ मध्ये या फंडाने तीन वर्षांच्या मुदतीसाठी शंभर कोटींहून अधिक रुपये गोळा केले. मुदत नेमकी २००९ मध्ये, बाजार पडलेला असताना संपली, गुंतवणूकदारांचे पैसे वेळेवर देता आले नाहीत, आणि २०१३ मध्ये सेबीने योजना गुंडाळून पैसे परत करण्याचा आदेश दिला. जाणकारांनी निवडलेली चित्रे हाताशी असतानाही तारीख पाळता आली नाही, हे लक्षात घ्यावे. आपलीही मुदत तीनच वर्षांची आहे.

सावरले कोण, हेही पाहावे. जून २०१० मध्ये चित्रकार रझांचे ‘सौराष्ट्र’ लंडनमध्ये १६ कोटी रुपयांवर गेले. मात्र तेजीत चढलेल्या अनेक समकालीन चित्रकारांचे भाव पुढे कित्येक वर्षे पूर्वपदाला आले नाहीत. महासाथीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, दिवंगत चित्रकार गायतोंड्यांचे एक चित्र मुंबईत ३२ कोटींना आणि मार्च २०२१ मध्ये दुसरे जवळपास ४० कोटींना विकले गेले, कारण त्या मंदीत व्याजदर उतरलेले होते आणि श्रीमंतांची संपत्ती शाबूत होती. हा बाजार देशाच्या उत्पन्नापेक्षा मोजक्या धनवंतांच्या तिजोरीकडे पाहून चालतो. गायतोंडे मोजकेच रंगवीत आणि आता नवे चित्र येणार नाही. आपल्या चित्रकाराच्या स्टुडिओत मात्र पुढच्या वर्षीही चित्रे तयार होत राहतील.

आता हिशेब मांडू. २५ लाखांवर ५ टक्के जीएसटी धरला तर आपल्या खिशातून सव्वासव्वीस लाख जातील. समजा, तीन वर्षांनी लिलावात कोणी एकूण ३० लाख मोजले. वर्तमानपत्रात ३० लाख छापून येतील. पण त्यात खरेदीदाराकडून घेतले जाणारे सुमारे वीस टक्के अधिमूल्य लिलावगृहाचे, म्हणजे हातोडा पडला तो २५ लाखांवर. त्यातून आपल्याकडून दहा टक्के कमिशन गेले तर हाती साडेबावीस लाख उरतात, आणि विमा व वाहतूक वेगळीच. कमिशनचे दर घासाघीस करून थोडे बदलतात, हिशेबाची दिशा बदलत नाही. नफा झालाच तर तो करपात्र असतो : प्राप्तिकर कायद्यात चित्राला घरगुती वस्तूंची सूट नाही, आणि दोन वर्षांनंतर विकल्यास सध्या १२.५ टक्के दराने कर लागतो.

तेव्हा मुलीचे ३० लाख आधी बाजूला काढावेत, आणि तारीख जवळ असल्याने ते बँकेतील मुदत ठेवीत टप्प्याटप्प्याने परिपक्व होतील असे ठेवावेत. उरलेल्या आठांपैकी पाच लाख आपल्या वयात अडीअडचणीसाठी हवेतच.

राहिलेल्या तीन लाखांत पत्नीच्या आवडीचे चित्र जरूर घ्यावे, मग ते परत विकले गेले नाही तरी हरकत नाही. त्याच चित्रकाराचे कागदावरचे काम किंवा स्वाक्षरी केलेली मुद्राप्रत (प्रिंट) मागून पाहावी. पैसे बँकेतूनच द्यावेत, पक्के बिल आणि चित्रकाराच्या सहीचे प्रमाणपत्र घ्यावे. सल्लागार पुनर्खरेदीचे आश्वासन देत असतील तर किंमत, तारीख आणि पैसे कोण देणार हे लेखी मागावे. आणि कागदावरचे काम घेणार असाल तर आधी पावसाळ्यात कोणत्या भिंतीला ओल येते ते पाहून ठेवावे, कारण आपल्या हवेत बुरशी चढायला एक आषाढ पुरतो.