चार लाखांची सूट, हातात ऐंशी हजार

ताई, तुमचं पत्र आणि सोबतचा चौदा पानी अहवाल दोन्ही सावकाश वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, गंगावेशीतून पंचगंगेकडे उतरताना. पुढचा भाग दगड-मातीच्या भिंती आणि सागवानी तुळयांचा, मागचा १९८६ सालचा आरसीसी. मालकांनी ६२ लाख सांगितले होते. तुम्ही नेलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं ९ लाखांची दुरुस्ती काढल्यावर ते ५८ वर आले आणि आता पंधरा दिवसांत साठेखत करा, ५ लाख विसार द्या म्हणतात. तुमच्याकडे शिल्लक २२ लाख. शाळेतला तुमचा आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला मिस्टरांचा पगार मिळून हातात १ लाख १२ हजार येतात. भाऊ म्हणतो सोडून दे, सासरे म्हणतात पेठेतली घरं पिढ्यान् पिढ्या उभी आहेत. घ्यावं का?

५८ ला घेऊ नका. ५४ ला, तेही दुरुस्तीचं कर्ज आधी मंजूर करून घेऊन, जरूर घ्या. पण त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या आहेत. त्यांतली एक जरी उलटी निघाली, तर ५० लाखांतही मी नको म्हणेन.

आधी त्या ४ लाखांच्या सुटीकडे बघू, कारण तुमच्या पत्रात त्याचा आनंद दिसतो आणि मला नेमकी तिथंच काळजी वाटते. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानं घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज मिळतं. ६२ लाखांवर तुम्हाला पदरचे १२ लाख ४० हजार घालावे लागले असते, ५८ वर ११ लाख ६० हजार. म्हणजे सूट ४ लाखांची असली तरी तुमच्या हातात उरले फक्त ८० हजार. बाकीचे ३ लाख २० हजार कर्जातून कमी झाले. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्ता सुमारे २,८०० रुपयांनी उतरतो. तेही चांगलंच आहे, पण गवंडी, सुतार आणि वायरमन यांचे पैसे हप्त्यानं देता येत नाहीत. सूट वीस वर्षांत थोडी थोडी मिळणार आणि दुरुस्ती पहिल्या पावसाळ्याआधी रोखीनं करायची, हा खरा पेच आहे.

आता ती ९ लाखांची यादी. तुमच्या इंजिनिअरनं काम मन लावून केलंय, पण सगळे दोष एकाच बेरजेत टाकलेत. ते वेगळे करायला हवेत.

मागच्या भागात न्हाणीघराच्या वरचा स्लॅब गळतोय, काँक्रीट सुटून सळ्या उघड्या पडल्यात. याला थांबायला वाव नाही. लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीटला आतून फोडतं, म्हणून वरवर सिमेंट थापून केलेलं काम फार टिकत नाही. सळ्या घासून, गंजरोधक लेप देऊन, पॉलिमर मॉर्टरनं भरून घ्यावं लागेल. पुढच्या भागातल्या दोन तुळयांची भिंतीत गेलेली टोकं वाळवीनं खाल्लीत. तेही राहायला जाण्याआधीच. अर्थिंग नसलेलं जुनं वायरिंगही तसंच. ही तीन कामं अहवालातल्याच दरानं साडेपाच लाखांची होतात.

उरलेली साडेतीन लाखांची कामं थांबू शकतात. जुना आणि नवा भाग जिथं मिळतो तिथली उभी चीर बघून तुम्ही घाबरलात. दोन वेगळ्या पायांवरची बांधकामं सांध्यात अशी फाकतातच. चिरेवर काचेच्या पट्ट्या चिकटवून एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघा. काच तडकली नाही तर चीर जुनी आहे, ती भरून घेतली की झालं. भिंतींना तीन फुटांपर्यंत चढलेली ओल बहुधा नंतर केलेल्या सिमेंटच्या गिलाव्यामुळे असावी. दगड-मातीची भिंत श्वास घेते, सिमेंट तिचं तोंड बंद करतं आणि ओल वर चढत जाते. तो गिलावा काढून चुन्याचा करायचा. काम कटकटीचं आहे, भीतीचं नाही.

पण तीन फूट हा आकडा मला दुसऱ्या कारणानं खटकला. नदीच्या त्या अंगाला भिंतीवरची ओल पुराची खूणही असू शकते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दोन वर्षी याच घराच्या उंबऱ्याला पाणी कुठवर होतं, हे मालकांना विचारू नका, समोरच्या दुकानदाराला आणि शेजारच्या आजींना विचारा. मग पूररेषेच्या नकाशावर घर बघा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक बंधनं आहेत, पुढं पाडून नव्यानं बांधणं सोपं राहत नाही आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक बिचकतं. ही पहिली गोष्ट. दुरुस्तीच्या पैशानं ती बदलत नाही, म्हणून घर निळ्या रेषेत निघालं तर विषय तिथंच संपवा.

दुसरी गोष्ट कागदाची. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढून सत्ताप्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्कानं धरलीय ते, बघा. ‘ब’ असेल तर हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा प्रश्न येतो का, हे वकिलांकडून लेखी घ्या. पत्रिकेवर तीन भावांची नावं आहेत असं तुम्ही लिहिलंय. तिघांच्याही सह्या लागतील. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या जुन्या व्यवहारांचा आणि बोज्यांचा वकिलानं घेतलेला शोध, तर हवाच.

हे दोन्ही ठीक निघालं तर ५४ चं गणित असं. पदरचे १० लाख ८० हजार. मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत ६ टक्के, म्हणजे ३ लाख २४ हजार. नोंदणी ३० हजार. वकील, बँक आणि किरकोळ मिळून ७० हजार. तातडीची दुरुस्ती साडेपाच लाख आणि तिच्यावर चौथा हिस्सा जास्तीचा. तो मी मुद्दाम धरलाय, कारण प्लास्टर आणि फॉल्स सीलिंगमागचं पाहता आलं नाही असं अहवालातच लिहिलंय. बेरीज २२ लाखांना भिडते. म्हणून दुरुस्तीसाठी ५ लाखांचं वेगळं कर्ज घ्या, म्हणजे तुमचे ५ लाख अडीअडचणीला जागेवर राहतील. साडेनऊ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी, त्याचा हप्ता साधारण साडेसहा हजार. दोन्ही हप्ते मिळून ४४ हजार, पगाराच्या ३९ टक्के. तुमच्या घरासाठी मी ४० च्या पुढं जाऊ देणार नाही. ५८ ला हेच गणित मांडलं तर २२ लाख संपून वर लाखभर कमी पडतात आणि गाठीला काहीच उरत नाही.

खरेदी फक्त तुमच्या एकट्याच्या नावे केली तर महिलांसाठीची १ टक्का सवलत मिळते, ५४ हजार वाचतात. मिस्टर सहकर्जदार राहू शकतात. पण हे घरात बोलून ठरवा.

किंमत मागताना एक मर्यादा लक्षात ठेवा. या घराचं रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरतक्त्याप्रमाणे मूल्य, इमारतीच्या वयाची घट धरून, किती येतं ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि हे मूल्य यांत जे जास्त त्यावर लागतं. शिवाय हे मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर सगळा फरक आयकरात तुमचं उत्पन्न म्हणून धरला जातो. ५४ लाखांसाठी ती रेघ ५९ लाख ४० हजारांवर आहे. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्यानं १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारीही तुमचीच.

मालकांशी भांडायची गरज नाही. साठेखताआधी बँकेचा व्हॅल्युअर घरी न्या. मातीच्या भिंती आणि लाकडी तुळया बघून बँका मूल्य आणि मुदत दोन्ही आखडतात आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला कर्ज काढताना तेच ऐकावं लागणार हे मालकांनाही ठाऊक आहे. त्यांच्या परवानगीनं दोन ठिकाणी सीलिंग आणि प्लास्टर उघडून इंजिनिअरला पुन्हा दाखवा. चार-पाच हजार जातील, पण आज आपण अंदाजानं धरलेला चौथा हिस्सा त्यातून खरा कळेल. विसार ५ लाख नको, १ लाख द्या. बँकेनं ठरलेलं कर्ज मंजूर केलं नाही तर विसार परत, हे कलम साठेखतात घालूनच सही करा. ते पंधरा दिवसांची घाई करत असतील तर वरच्या दोन तपासण्या याच आठवड्यात करून घ्या.

सासऱ्यांचं म्हणणं मला पटतं. ही घरं टिकली, कारण दर उन्हाळ्यात कौलं शाकारणारे, वाळवी बघणारे हात घरात होते. या घरात ते काही वर्षं नसावेत असं अहवालातल्या फोटोंवरून वाटतं. सासरे अजून हिंडते-फिरते आहेत असं तुम्ही लिहिलंय. सीलिंग उघडाल त्या दिवशी त्यांनाही सोबत न्या आणि तुळयांची टोकं त्यांनाच टोचून बघू द्या.